निवड आपली, आच त्यांची

हल्ली आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असो, मुलांचा निकाल असो, की मुंबईहून पाहुणे आलेले असोत, घरातली तरुण मंडळी एकच नाव काढतात: 'ते वाडगा भरायचं ठिकाण.' काउंटरवर कच्च्या भाज्या, नूडल्स, चिकन, सुंगटं म्हणजे कोळंबी मांडून ठेवलेली असतात. आपण हवं ते वाडग्यात घ्यायचं, सॉस सांगायचा आणि समोरचा आचारी मोठ्या आचेवर ते परतून देतो, म्हणजे स्टर-फ्राय करून. माझ्यासारख्याच जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणी मला विचारतात, काय गं, तिथं जाण्यात अर्थ आहे का? एवढे पैसे मोजून शेवटी कोबी आणि नूडल्सच तर खायच्या!

अर्थ आहे, असं माझं मत आहे. मात्र तो कुठल्याही ठिकाणी, कुठल्याही वेळी आणि कसाही वाडगा भरून मिळत नाही.

मी गोव्यात फोंड्याला राहते आणि घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. दिवसाचा बराच वेळ आचेपुढे जातो, त्यामुळे बाहेर खाताना माझं लक्ष आधी चुलीकडे जातं आणि मग ताटाकडे. पणजी-पर्वरीकडच्या रेस्टॉरंटांत, किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांच्या रविवारच्या बुफेत, आणि आता तर लग्नाच्या हॉलमध्येही हा प्रकार दिसतो. लग्नात त्याला 'लाइव्ह काउंटर' म्हणतात आणि तिथं सगळ्यांत लांब रांग त्याचीच असते. सगळीकडे साहित्य जवळजवळ सारखंच असतं. फरक असतो तो तव्यात, आचेत आणि रांगेत.

ही पद्धत कुठून आली ते आधी सांगते, कारण तिच्या खुब्या आणि उणिवा दोन्ही तिथूनच आल्या आहेत. १९५१ साली तैवानमध्ये, तैपेई शहरात, वू चाओनान नावाच्या कलाकारानं मोठ्या लोखंडी तव्यावर मांस आणि भाज्या परतून द्यायला सुरुवात केली. हा माणूस मूळचा बीजिंगचा आणि विनोदी संवादांच्या पारंपरिक चिनी कलेतला नावाजलेला. पदार्थाला बीजिंगचं नाव द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण त्या काळी तैवानात ते राजकीयदृष्ट्या अडचणीचं होतं, म्हणून त्यानं 'मंगोलियन बार्बेक्यू' असं नाव ठेवलं. मंगोलियाच्या जेवणाशी त्याचा फारसा संबंध नाही. पुढे अमेरिकेत या पद्धतीच्या रेस्टॉरंटांच्या साखळ्या उभ्या राहिल्या आणि फिरत फिरत ती आपल्याकडे आली.

त्या मूळ पद्धतीत मांस गोठवून, कागदासारखं पातळ कापलेलं असतं. तापलेल्या तव्यावर पडलं की मिनिटाभरात शिजतं. म्हणून तर मांस आणि भाज्या बरोबरच टाकलेल्या चालतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिकन असतं चौकोनी तुकड्यांचं, बोटाच्या पेराएवढं. तो तुकडा आतपर्यंत शिजायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात कोबी गळतो, मुगाचे लांब मोड दोऱ्यासारखे होतात आणि नूडल्स तुटतात. उलट भाज्या बघून लवकर काढलं तर चिकन आत कच्चं. आचारी कितीही चांगला असला तरी या पेचातून त्याला सुटका नाही.

माझा भाचा किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात चायनीज सेक्शनला आहे. एकदा चतुर्थीला घरी आला तेव्हा मी त्याला याबद्दल छेडलं. तो म्हणाला, "मावशी, माझ्याकडे ऑर्डर येते ना, तेव्हा चिकनला आधीच कॉर्नफ्लोर, अंड्याचं पांढरं आणि थोडं तेल लावून ठेवलेलं असतं. ते आधी मारतो, बाजूला काढतो. कढई पुसतो. मग लसूण, मग गाजर, मग ढबू मिरची, कोबी अगदी शेवटी, आणि चिकन परत आत. त्या वाडग्यात सगळं एकदम येतं. त्यात मी काय करणार सांग?"

हे ऐकताना मला आपलं खतखतं, म्हणजे बऱ्याच भाज्यांची एकत्र रसभाजी, आठवलं. सुरण, कोनफळ आधी, शेवग्याची शेंग आणि भोपळा नंतर, तिरफळं उतरवताना. सगळं एकाच वेळी पातेल्यात टाकलं तर भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण घशाला खाजतं. साहित्य तेच, हात तोच, पण क्रम चुकला की खतखतं खतखतं राहत नाही. वाडगा भरायच्या ठिकाणी निवड आपल्या हाती असते, सॉस आपल्या हाती असतो, आणि चव ज्यावर उभी आहे तो क्रम कुणाच्याच हाती उरत नाही. मला या पद्धतीत खटकतं ते हेच.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोबी, मशरूम, ढबू मिरची, मोड, या सगळ्यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गच्च भरलेला वाडगा कढईत पडला की ते पाणी सुटायला लागतं, आणि मीठ किंवा सोया सॉस लवकर पडला तर आणखी भरभर सुटतं. आता पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे आचेचा सगळा जोर पाणी घालवण्यातच खर्च होतो. जोवर कढईत पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि ज्या खरपूस रंगासाठी आणि वासासाठी आपण स्टर-फ्राय खातो तो यायला साधारण १४० अंश तरी लागतात. मग वाडग्यात येते ती परतलेली भाजी नसते, उकडलेली असते, वर सॉस घातलेली.

हे ऐकूही येतं. रांगेत उभं असताना कान द्या. कढईत साहित्य पडल्यावर चर्र आवाज आला आणि तसाच टिकला, तर तिथं जेवायला हरकत नाही. आवाज दोन-तीन सेकंदांत बसला आणि मग नुसती खदखद ऐकू आली, तर समजावं की आच कमी पडतेय. शनिवारी रात्री गर्दी असते तेव्हा आचारी एका वाडग्यामागे दुसरा टाकत जातो, कढईला पुन्हा तापायला सवड मिळत नाही. तीच कढई, तोच आचारी, आणि मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात तर जेवण वेगळंच लागतं. मी गर्दीच्या वेळी जातच नाही.

आणि इथंच पैशांची गोम आहे. बहुतेक ठिकाणी दर वाडग्याचा असतो, त्यात काय भरलं त्याचा नाही. मग साहजिकच आपण वाडगा दाबून भरतो. नूडल्स खाली चेपायच्या, वर कोबीचा डोंगर, कडेनं बेबी कॉर्न उभे लावायचे. पैसे वसूल झाले असं वाटतं, आणि त्याच वसुलीपायी चव जाते, कारण जास्त साहित्य म्हणजे जास्त पाणी आणि जास्त पाणी म्हणजे थंड कढई. शिवाय वाडग्यात जागा खाणारी कोबी, गाजर, नूडल्स सगळ्यांत स्वस्त. काउंटरवरची कोबी बहुतेक बेळगावहून आलेली, तीच आपल्या नाक्यावरच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीत मिळते. तिच्यासाठी ५०० रुपयांचा वाडगा कशाला भरायचा? ज्या वस्तू घरी आणणं जड जातं आणि ज्यांना खरोखर मोठी आच लागते, त्याच घ्याव्यात.

गोव्यात अशी वस्तू म्हणजे सुंगटं आणि माणके (स्क्विड). माणक्यांचं तर असं आहे की ते मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटांत काढावे, नाहीतर तासभर मंद शिजवावे. मधल्या वेळेत ते रबरासारखे होतात. घरच्या शेगडीवर दोन मिनिटांचं काम नीट जमत नाही, पाणी सुटून चार मिनिटं होतातच. चायनीज भट्टीवर ते सुंदर होतात, कडा किंचित वळतात, मध्ये चावा मऊ राहतो. कढईतल्या आचेचं कौतुक करायचं तर माणके खाऊन करावं. सुंगटांचंही तसंच. अर्धवर्तुळात वळून रंग पालटला की झाली. पूर्ण गोल वेटोळं झालं की ती जास्त शिजली, मग गोडवा गेला.

पण काउंटरवरची सुंगटं घ्यायच्या आधी नीट बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतली, आणि मानशीवरची, म्हणजे तिथल्या पाण्याच्या दारावर पकडलेली सुंगटं बाजारात येतात खरी, पण ती थोडी आणि महाग. अशा काउंटरवर ती येणं कठीण. तिथं असतात ती बहुधा गोठवलेली, बर्फाचा पातळ थर दिलेली. पूर्ण वितळवून, निथळून ठेवली असतील तर चांगलीच लागतात. मात्र ट्रेच्या तळाशी गढूळ पाणी साचलेलं दिसलं आणि सुंगटं त्यातच लोळत असली, तर ती मी घेत नाही. ते पाणी सरळ कढईत जाणार आणि बाकीच्या वाडग्याचीही वाट लावणार. आमच्या फोंड्याच्या बाजारात मासेवालीकडे सुंगटं घेताना डोकं घट्ट आहे का, साल चकाकते का हे आपण बघतो. इथं सोललेली असतात म्हणून बघायचं सोडतो, असं का?

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. जंगलाकडच्या बायका बाजारात बांबूचे कोवळे कोंब, आपलं किल्ल, सोलून चिरून विकत असतात, आणि दोन पावलांवरच्या रेस्टॉरंटात डब्यातले बांबू शूट परदेशी म्हणून मिरवतात. किल्ल भिजवून, उकडून, ते पाणी फेकून घ्यावं लागतं हे खरं, पण ते काम करून काउंटरवर ठेवणारा एखादा मालक मला भेटला तर मी त्याची जाहिरात फुकट करीन.

आता स्वच्छतेबद्दल, कारण तिथं मी कसलीच सवलत देत नाही. कच्च्या चिकनच्या ट्रेमध्ये एक चिमटा आणि भाज्यांच्या ट्रेमध्ये दुसरा, एवढी साधी गोष्ट. लोक चिकन घेतात आणि तोच चिमटा मशरूममध्ये घालतात. लहान मुलं तर हमखास. भाज्या पुढे शिजणारच, असं म्हणता येईल. पण वरून घालायची कोथिंबीर, शेंगदाण्याचा कूट, कच्चा पातीचा कांदा हेही त्याच रांगेत असतं, आणि ते शिजत नाही. कच्चं मांस ठेवलेला काउंटर हाताला बर्फासारखा गार लागला पाहिजे, ५ अंशांच्या आत. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत तापलं पाहिजे. आपल्याकडे काही थर्मामीटर नसतो, पण तुकडा मोडून बघता येतो. आत गुलाबी, चिकट दिसलं तर वाडगा परत द्यायला लाजू नये. भाताचंही तेच. शिजवलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचं विष पुन्हा परतूनही जात नाही. भात एकतर वाफाळता हवा, नाहीतर फ्रिजमधून काढलेला गार. मधला नको.

मांस-मासळी भाज्यांपासून वेगळ्या काउंटरवर ठेवून आतला माणूस हातमोजे घालून ती मोजून देतो, अशीही ठिकाणं आहेत. तिथं मी निर्धास्त जाते. हात आखडतोय म्हणून काही लोक कुरकुरतात. मला मात्र तो मालक ग्राहकाची काळजी घेणारा वाटतो.

आमच्या घरात खरा प्रश्न येतो सोमवारी. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या भागातल्या कितीतरी घरांत सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहाराचा असतो, श्रावणात तर अख्खा महिना. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत त्या दिवशी. मुलं म्हणतात, आजीला पण नेऊया की, ती भाज्यांचा वाडगा घेईल. वरवर बघता हे ठिकाण अशा घरासाठीच काढल्यासारखं वाटतं. एका टेबलावर एकजण सुंगटं खातो, दुसरा पनीर, तिसरी नुसत्या भाज्या, आणि कुणाला कुणासाठी मन मारावं लागत नाही. ही सोय मोठी आहे, ती मी मनापासून मानते. दुसऱ्या कुठल्या हॉटेलात आजी, नातू आणि पथ्य सांभाळणारे आजोबा एवढ्या सहज एकत्र जेवतात?

पण तवा एक असतो. मोठ्या गोल तव्यावर तर चार जणांचे वाडगे एकाच वेळी शेजारी शेजारी परतले जातात, एकाचं सॉस वाहत दुसऱ्याकडे जातं. कढई असेल तर आचारी पाणी ओतून, खरवडून, फडक्यानं पुसतो आणि पुढचा वाडगा घेतो. घाईत ते पुसणं नावालाच होतं. एका ठिकाणी सासूबाईंच्या वाडग्यात ऑयस्टर सॉसची, म्हणजे कालवांच्या सॉसची चव आली. त्यांना ऑयस्टर सॉस म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण पहिल्या घासाला चमचा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गो, याला मासळीचा वास मारतो." त्यांनी पुढे काही खाल्लं नाही आणि कुणाला बोलही लावला नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. ज्याचं व्रत आहे त्यानं विश्वासानं समोर वाडगा ठेवला होता.

तेव्हापासून मी आत शिरल्या शिरल्या काउंटरवर विचारते: शाकाहारी वाडगा आतल्या वेगळ्या कढईत करून द्याल का? चांगल्या ठिकाणी लगेच हो म्हणतात, काही ठिकाणी त्यासाठी निराळ्या रंगाचा वाडगाच असतो. जिथं 'धुऊन देतो ना मॅडम' असं उत्तर येतं, तिथं सोमवारी आम्ही जेवत नाही. ज्यांना सुंगटांची किंवा तिसऱ्यांची (शिंपल्यांची) ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर हा व्रताचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. नुसत्या पुसलेल्या कढईवर त्यांनी अजिबात विसंबू नये. शेंगदाण्याचंही तसंच, तो कूट सगळीकडे उडालेला असतो.

सॉसबद्दल लोक फार डोकं लावतात, मला त्यात एवढं काही दिसत नाही. एकच घ्या, फार तर दोन. पाच सॉस एकत्र केले की सगळ्यांची मिळून तपकिरी, गोडसर, खारट अशी एकच चव होते. 'अर्धंच घाला आणि शेवटी घाला' हे आचाऱ्याला सांगायचं, बस्स. चव कमी वाटली तर वरून घेता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

निवडून खाण्याची गंमत गोव्याला नवीन नाही, हेही सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसलं की वेटर ट्रेमध्ये आजची मासळी घेऊन येतो. इसवण, चणक, तामसो, जे मिळालं असेल ते. आपण मासा निवडायचा, रवा फ्राय की रेशाद (लाल, आंबट-तिखट मसाला) की बटर गार्लिक ते सांगायचं, आणि मग आपलं काम संपलं. चिरा किती द्यायच्या, आच किती, कधी उलटायचा हे सगळं आतला माणूस ठरवतो. ग्राहकाला पुरेशी निवड मिळते आणि आचाऱ्याला त्याची कला करायला जागाही उरते. स्टर-फ्रायच्या ठिकाणीही अशी जागा आचाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती आपल्याला देता येते. तो तिथं समोरच उभा असतो. बहुतेक वेळा नेपाळचा किंवा ईशान्येकडचा मुलगा असतो, या कामात हात बसलेला, आणि दिवसभर त्याच्याशी सॉसचं नाव सोडून कुणी बोललेलं नसतं. मी दोन वाडगे करते. एकात चिकन किंवा सुंगटं, दुसऱ्यात भाज्या. आणि त्याला म्हणते, भैया, हे आधी मारा, बाजूला काढा, मग भाज्या, तुम्हाला योग्य वाटेल तसं. रांग नसेल तर कुणी नाही म्हणालेलं मला आठवत नाही. एकानं तर माझ्या वाडग्यातली निम्मी मशरूम स्वतःच काढून ठेवली, म्हणाला पाणी होईल, आणि वर आपल्याकडचं ठेचलेलं आलं घातलं. तो वाडगा फार सुरेख झाला होता.

तर माझा वाडगा असा असतो: दोन तृतीयांशच भरलेला. माणके किंवा सुंगटं मूठभर. पाणी कमी सोडणाऱ्या भाज्या, म्हणजे ब्रोकोली, फरसबी, गाजराच्या पातळ चकत्या. ढबू मिरची थोडी, वासापुरती. मशरूम घेतली तर कोबी नाही. नूडल्स वेगळ्या ताटलीत, कढईत शेवटच्या अर्ध्या मिनिटाला. लसूण भरपूर, मिरची ताजी. चिकन घ्यायचं तर पातळ कापलेलं असेल तरच, जाड तुकडे असले तर त्याऐवजी पनीर किंवा अंडं.

आणि दर 'हवं तेवढं खा' असा असेल तर सरळ तोच घ्यावा, कारण मग वाडगा दाबून भरायचं कारणच उरत नाही. पहिल्या फेरीला नुसते माणके आणि लसूण, दुसरीला भाज्या, तिसरीला भूक उरली तर नूडल्स. दुपारी साडेबाराला पोचायचं, कढई तापलेली असते आणि ट्रे नुकतेच भरलेले असतात.